आबांचं वे-बिल

कादंबरी प्रकाशकाकडे गेली हे कळल्यापासून ओळखीचे लोक मला एकच प्रश्न फिरवून फिरवून विचारतायत. वडील बेपत्ता झाले त्यावर लिहिलंस, चांगलं केलंस, पण रहस्यकादंबरी? आठवणी लिहायच्या होत्यास. एखादं छान व्यक्तिचित्र झालं असतं. एका बाईंनी तर कुठल्या दिवाळी अंकाला पाठवायचं तेही सांगून टाकलं.

आठवणी लिहून पाहिल्या होत्या. दोन पानांतच आबा देवमाणूस होऊन बसले. कष्टाळू, मितभाषी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. दहाव्याला घाटावर लोक बोलतात ना, तसं. रहस्यकथेला ही विशेषणं चालत नाहीत. तिला हवं असतं ते वेगळं: माणूस किती वाजता उठला, पायात काय होतं, खिशात किती पैसे होते, शेवटचं कुणाशी बोलला, त्याच्या मागून कोण उठलं. ते लिहायला लागले तेव्हा मला आठवलं की आबा सुट्ट्या पैशांच्या पुरचुंड्या करून ठेवायचे, आणि त्यातलं एक नाणं काढलं तरी त्यांना कळायचं. आईशी भांडण झालं की ते दोन दिवस जेवताना मीठ मागायचे नाहीत. अळणी खायचे. हे व्यक्तिचित्रात आलंच नव्हतं.

आम्ही कराडचे. आबा एसटीत कंडक्टर. सप्टेंबर १९९५ मध्ये त्यांची ड्यूटी पाटणच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या एका गावाच्या मुक्कामी गाडीवर होती. संध्याकाळी गाडी वर जायची, रात्री गावात थांबायची, सकाळी सहाला माणसं आणि दुधाचे कॅन घेऊन खाली यायची. ड्रायव्हर-कंडक्टर गाडीतच झोपत. २० तारखेच्या रात्री दोघांनी शाळेच्या ओट्यावर बसून डबा खाल्ला. २१ ला पहाटे आबा टॉवेल घेऊन ओढ्यावर तोंड धुवायला गेले. ते आजतागायत आलेले नाहीत.

गाडीत काय काय सापडलं ती यादी मला पाठ आहे. तिकिटांचा ट्रे. पंच. पैशांची चामडी बॅग. बिल्ला लावलेला खाकी शर्ट, खिडकीच्या दांडीला अडकवलेला. वहाणा नव्हत्या. आणि वे-बिल, पुरं भरलेलं: प्रत्येक दराच्या तिकिटांचा सुरुवातीचा नंबर, शेवटचा नंबर, किती विकली, किती रक्कम. बॅगेतले पैसे वे-बिलाशी पैशापर्यंत जुळले. कंडक्टरला ड्यूटीवर चढताना स्वतःजवळची खाजगी रक्कमही लिहून द्यावी लागते. आबांनी ११ रुपये लिहिले होते. तेही बॅगेतच होते.

पळून जाणारा माणूस पैसे घेऊन जातो, असं फौजदार म्हणाले. जीव द्यायला जाणारा हिशोब पुरा करून जातो, असं तात्या, म्हणजे माझे काका, म्हणाले. आईच्या देखत नाही. आई म्हणाली, तोंड धुवायला जाणारा माणूस कशाला पैसे घेऊन जाईल? या तीन वाक्यांच्या तीन वेगवेगळ्या कादंबऱ्या होतात. आमच्या घरात त्या तिन्ही एकाच वेळी चालू होत्या.

ओढा धुंडाळला. कड्याखाली माणसं दोर लावून उतरली. त्या रानात बिबट्याही आहे, अस्वलही आहे. पण काही खूण नाही, टॉवेलसुद्धा नाही.

२१ सप्टेंबर १९९५ ही तारीख कुणाला आठवत नसेल तर एवढंच सांगते: गणपती दूध प्यायला तो दिवस. गुरुवार. पितृपंधरवडा चालू होता. दिल्लीकडून बातमी निघाली आणि दुपारपर्यंत देशभर देवळांपुढे रांगा लागल्या. आमची आईही वाटी-चमचा घेऊन रांगेत होती. डेपोतून निरोप घेऊन आलेला माणूस आधी घरी गेला, कुलूप बघून शेजारी विचारलं, मग देवळाशी आला. आईने त्याचं ऐकून घेतलं, आपल्या वाटीतलं दूध पुढच्या बाईच्या वाटीत ओतलं आणि चालू लागली. मी १५ वर्षांची होते. मला तेव्हा सगळ्यात जास्त राग कशाचा आला असेल, तर ठाण्यात तक्रार लिहून घेणाराही मधेच दुसऱ्याला विचारत होता, तुमच्याकडच्याने प्यालं का म्हणून.

रहस्यकथा लिहिणाऱ्याची एक नेहमीची अडचण असते. अमक्या तारखेला सकाळी तुम्ही कुठे होता, हे कुणालाच सांगता येत नाही. म्हणून लेखक त्या दिवशी गावात लग्न तरी काढतो, नाहीतर जत्रा, नाहीतर क्रिकेटची मॅच. मला हे आयतं मिळालं होतं. कितीही वर्षांनी विचारा, त्या दिवसाचं प्रत्येकाला आठवतं: कुठल्या देवळात गेलो, चमचा कुणाचा होता, म्हशीचं दूध होतं की गाईचं, अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कुणी पृष्ठीय ताणाने दूध कसं ओढलं जातं ते समजावून सांगितलं आणि त्याच्याशी कोण भांडलं.

कादंबरीसाठी म्हणून मी त्या गावात गेले, तेव्हा या दिवसाची खरी मेख कळली. तो दिवस सगळ्यांना आठवतो, पण दुपारनंतरचा. दुधाची बातमी डोंगरावर पोचली तेव्हा आबांना जाऊन सहा-सात तास झाले होते. पहाटेचं कुणाकडेच काही शिल्लक नाही. एक म्हातारबाबा मला म्हणाले, "तुजा बा? गणपती दूध प्याला त्याच येळी गेला न्हवं का. आमी समदी देवळात हुतो, म्हनून तर कुनाला दिसला न्हाई." पहाटे सहाच्या आधी देवळात कोण असणार? त्यांनी दुपारची रांग उचलून पहाटेवर नेऊन ठेवली होती, आणि त्यात खोटेपणा जराही नव्हता. माझ्या कादंबरीचा पहिला भाग यावरच उभा आहे. अख्खं गाव प्रामाणिकपणे चुकीची साक्ष देतं. एकालाच पहाट नीट आठवते. आणि वाचकाला संशय येतो तो त्याचाच.

तो एक म्हणजे ड्रायव्हर. त्याच्याकडे येते, पण आधी मधली वर्षं.

आबांचा फोटो मुंबई दूरदर्शनवर 'आपण यांना पाहिलंत का?' मध्ये दाखवला. आम्ही शेजारच्यांच्या टीव्हीवर पाहिला. फोटो लग्नातला होता, डोक्यावर भरपूर केस. प्रत्यक्षात टक्कल पडलं होतं. त्यानंतर पत्रं यायला लागली. नाशिकला गोदाघाटावर पाहिलं. बेळगावात एका हॉटेलात भांडी घासताना पाहिलं. आषाढीला पंढरपुरात टाळ वाजवताना पाहिलं. आई पुढे दरवर्षी पंढरपूरला जायला लागली. लोकांना वाटलं बाई देवाला लागली. ती चंद्रभागेच्या वाळवंटात बसून माणसांची तोंडं बघायची. दर्शनाच्या रांगेत उभं राहिलं तर नुसत्या पाठी दिसतात, म्हणून ती रांगेत जायचीच नाही. रहस्यकथेत असे चकवे पेरायला लेखकाला काही खर्च येत नाही. आमच्या घरात प्रत्येक चकव्याला भाडं पडायचं.

अनोळखी मयत सापडलं की ठाण्यातून बोलावणं यायचं. एकदा तात्या आणि आईबरोबर मीही गेले. शवागारातला माणूस समजूतदार होता. त्याने चादर पायाकडून वर केली. आधी पाय बघा म्हणाला. पाय ओळखीचे नसले तर तोंड बघायचं कारण नाही. आबांच्या डाव्या अंगठ्याचं नख फाटकात सापडून काळं पडलं होतं ते कायमचं. हे नख स्वच्छ होतं. आई म्हणाली, "हे न्हवंत." तात्यांनी कागदावर सही केली. बाहेर आल्यावर आई म्हणाली भूक लागलीय, आणि आम्ही समोरच्या गाड्यावर भजी खाल्ली. तिने दुसरी प्लेट मागवली. आत कुणाचा तरी नवरा पडला होता. तो आमचा नव्हता, म्हणून आम्हाला भूक लागली होती.

हा प्रसंग कादंबरीत जसाच्या तसा आहे, फक्त माणसं बदलली आहेत. प्रकाशकांच्या संपादकांनी समासात पेन्सिलीने लिहिलं: 'अशा वेळी पात्र खाईल का? पटत नाही.' मी खाली लिहिलं: 'खातं.' त्यांनी पुन्हा काही विचारलं नाही.

आता कायद्याचं. हे जरा सविस्तर सांगते, कारण कथानकाचा कणा इथे सापडला. १८७२ च्या पुराव्याच्या कायद्यात कलम १०८ होतं. १ जुलै २०२४ पासून नवा साक्ष्य अधिनियम लागू झाला, त्यात ते १११ झालं; मजकूर साधारण तोच. ज्यांना एरवी एखाद्या माणसाची खबर लागली असती, अशांना सात वर्षं त्याची काहीच खबर नसेल, तर तो जिवंत आहे हे सिद्ध करायची जबाबदारी जो तसं म्हणतो त्याच्यावर येते. नीट वाचलं तर कायदा 'तो मेला' असं स्वतःहून म्हणतच नाही. आमच्या वकिलांनी हेच वापरलं. आई हटून बसली होती, "मी ह्यांना मेले म्हननार न्हाई." वकील म्हणाले, "म्हणूच नका, वहिनी. सात वर्षं खबर नाही एवढंच शपथेवर सांगा. पुढचं कोर्ट म्हणेल." हिंदू विवाह कायद्यातही सात वर्षांचा हाच आकडा आहे, त्यावर घटस्फोट मिळतो. एका नातेवाइकांनी तो मार्ग सुचवला. त्यांना आमच्याकडे त्या दिवशी चहा मिळाला नाही.

आबा हयात नाहीत असं कोर्टाने जाहीर करावं, असा दावा आईच्या नावाने दाखल झाला. दावा दाखल झाल्यावर वर्तमानपत्रात जाहीर नोटीस द्यावी लागते. मी तेव्हा एका छापखान्यात डीटीपीला, म्हणजे कॉम्प्युटरवर मजकूर जुळवायला, होते. पेजमेकर, श्रीलिपी, लग्नपत्रिकांचा सीझन. वकिलांच्या नोटिसा आमच्याकडेच जुळायच्या, तशी ही पण आली. वकिलांच्या कारकुनाने मालकांना सांगितलं होतं की दुसऱ्या कुणाकडे द्या. पण दुसरा ऑपरेटर सुट्टीवर होता आणि मजकूर संध्याकाळच्या गाडीने जायचा होता. 'तमाम लोकांस या जाहीर नोटिशीने कळविण्यात येते की, यातील वादी हिचे पती हे दिनांक २१/०९/१९९५ पासून बेपत्ता असून...' जाहिरातीचा दर कॉलम सेंटीमीटरवर असतो. मजकूर जरा लांबत होता. मालक मागे उभे होते. मी 'अंगात पांढरी बंडी व खाकी पँट' काढलं, सात वर्षांनी ते कुणाच्या अंगावर असणार? 'सडपातळ बांधा' काढलं. 'डाव्या पायाच्या अंगठ्याचे नख काळे' तेवढं ठेवलं आणि अक्षर अर्ध्या पॉइंटने लहान केलं. बसलं. मालकांनी बिल लावलं नाही. त्याबद्दल त्या वेळी आभार मानायचं राहिलं. ते आता कादंबरीच्या पहिल्या पानावर आहेत.

कोर्टाने मंजूर केलं. पण मृत्यूची तारीख कुठली धरायची? सर्वोच्च न्यायालयाचा २००४ चा एक निकाल आहे, विम्याच्या प्रकरणातला. सात वर्षांनंतर माणूस हयात नाही असं गृहीत धरता येतं, पण तो नेमका कधी गेला याबद्दल काही गृहीत धरता येत नाही; ते ज्याचं म्हणणं असेल त्याने सिद्ध करायचं. आमच्या निकालात दावा दाखल केल्याचा दिवस धरला गेला. म्हणजे दाखल्यावर आबांच्या मृत्यूची जी तारीख आहे, त्या दिवशी आम्ही कोर्टाच्या आवारात उसाचा रस पीत होतो.

विम्याचं असं असतं की पॉलिसी जिवंत ठेवायची तर निकाल लागेपर्यंत हप्ते चालू राहावे लागतात. आबांचे हप्ते पगारातून कापले जायचे. पगार थांबला, हप्तेही थांबले, विषय संपला. पण लिहिताना मी तिथे अडकले. समजा, हप्ते थांबलेच नाहीत तर? समजा, बेपत्ता माणसाच्या पॉलिसीचे हप्ते कुणीतरी सात वर्षं न चुकता भरतंय, आणि ते घरचं कुणी नाही? तो भरणारा माणूस काय जाणून आहे? हा मेलाय हे, की जिवंत आहे हे? त्या रात्री मी उठून बसले. आबा गेल्यानंतर त्यांच्या बाबतीत मला पहिल्यांदाच असा प्रश्न पडला होता ज्याचं उत्तर मी स्वतः ठरवू शकत होते. आनंद झाला, खोटं कशाला बोलू?

कोर्टाचा हिशोब सातचा, शास्त्राचा बाराचा. मधली वर्षं आई कागदावर विधवा होती आणि घरात सवाष्ण. रेशनकार्डावर एक, कपाळावर एक. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काही घरी बोलावणं यायचं, काही घरी नाही, आणि एका घरी यायचं पण वाण हातात न देता पाटावर ठेवायचे. पितृपक्षात आबांचं पान वाढायचं नाही. वटपौर्णिमेला आई वडाला जायची. आजी म्हणायची, पार्वतीबाईंनीही पानिपतानंतर कुंकू पुसलं नव्हतं. १७६१ ला सदाशिवरावभाऊ रणात पडले, पण बाईंनी शेवटपर्यंत ते मानलं नाही. आजी पुढे लगेच तोतयाची गोष्ट सांगायची: भाऊ म्हणून एक जण उभा राहिला, लोकांनी त्याला मानलंही, फौज जमली, आणि १७७६ मध्ये पेशव्यांच्या दरबाराने त्याला देहान्त दिला. लहानपणी मला ती लढाईची गोष्ट वाटायची. आता कळतं की आजी आईला सावध करत होती.

२००७ ला बारा वर्षं झाली. गुरुजींनी पालाशविधी सांगितला. देह नाही, म्हणून दर्भावर पळसाच्या पानांचा पुरुष करायचा, ३६० पानं, डोक्याच्या जागी नारळ, आणि त्याला अग्नी द्यायचा. पूर्वी पत्रावळींसाठी घरोघर पळसाची पानं असायची. आता पत्रावळी कागदाच्या. पानं कुठून आली असतील? त्याच डोंगरातून. ड्रायव्हरकाकांनी पोत्यात भरून आणली, ओल्या फडक्यात. आदल्या रात्री भावाने आणि मी ती मोजली. किडकी बाजूला, अखंड एकीकडे. मधेच भाऊ मोजणं चुकला आणि आम्ही पुन्हा पहिल्यापासून लागलो. तेव्हा तात्या म्हणाले, असू दे, एखादं कमी चाललं असेल. भाऊ म्हणाला, आबांना चाललं नसतं. आईने त्या रात्री मंगळसूत्र आपलं आपण काढून डब्यात ठेवलं. कुणाला हात लावू दिला नाही.

कृष्णेच्या घाटावर सगळं झालं. गुरुजी हात धुता धुता सहज म्हणाले, "आणि समजा यजमान परत आलेच, तर त्यालाही शास्त्रात सोय आहे. तुपाच्या कुंडात बुडवून काढायचं, जातकर्मापासून सगळे संस्कार नव्याने करायचे, आणि त्याच बायकोशी पुन्हा लग्न लावायचं."

आई म्हणाली, "आन् बायकू न्हाई म्हनली तर?"

गुरुजी गडबडले. तात्या हसले, मग भाऊ, मग आईच जोरात हसायला लागली, तिथे, घाटावर. शेजारी दुसऱ्यांचं कार्य चाललं होतं, ती माणसं बघायला लागली.

कादंबरी खरी त्या वाक्यातून आली. माझ्या पुस्तकात बारा वर्षांचा विधी होऊन गेल्यावर एक माणूस येतो. तो तोच आहे की तोतया, हे गावाला ठरवायचंय, विमा कंपनीला ठरवायचंय, हप्ते भरणाऱ्याला तर फारच घाईने ठरवायचंय. खात्रीने सांगू शकेल अशी एकच बाई आहे, आणि तिला कुणी अजून विचारलेलंच नाही की तिला तो हवाय का. याहून जास्त सांगत नाही. पुस्तक घ्या.

आता ड्रायव्हरकाका. शेवटचं पाहणारा माणूस, म्हणून पोलिसांनी त्यांनाच पुन्हा पुन्हा बोलावलं. गावाने ठरवूनच टाकलं होतं. ते दर दिवाळीला आमच्याकडे यायचे, आणि आई त्यांना दरवेळी ती रात्र पुन्हा सांगायला लावायची. ते न कंटाळता सांगायचे. जेवण झालं, आबांनी बॅटरीच्या उजेडात वे-बिल भरलं, आणि झोपताना विचारलं, "उद्या गुरुवार ना?" संपलं. मी दरवेळी कान देऊन ऐकायचे, यंदा काही नवं निघेल म्हणून. निघायचं नाही. आबांचा दत्ताचा गुरुवार असायचा, उपास. म्हणून विचारलं, बस. पण रहस्यकथेत माणूस शेवटचं वाक्य असं वायफळ बोलू शकत नाही. वाचक ते धरून बसतो. मला त्या गुरुवारामागे काहीतरी उभं करावं लागलं, आणि ते करताना आबांवर अन्याय होतोय असं वाटत राहिलं. त्यांनी खरंच फक्त वार विचारला होता.

ड्रायव्हरकाका आता नाहीत. त्यांच्या पत्नीला न विचारता त्यांना संशयित करणं मला जमेना. मसूरजवळ त्यांचं गाव, तिथे गेले. काकी भुईमुगाच्या शेंगा फोडत बसल्या होत्या. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "ह्यांनीच मारलं, असं हाय का शेवटाला?" नाही म्हटलं, पण निम्म्या पुस्तकात लोकांना तसं वाटणार. काकी म्हणाल्या, "मग त्यात काय नवं? आमी त्यातच ऱ्हायलो की." मग थोड्या वेळाने, शेंगांचं सूप माझ्याकडे सरकवत, "एक मातुर कर. ते दारूला कवा शिवलं न्हवतं. पुस्तकातबी नको."

आता पंचाईत. माझ्या कथानकात ड्रायव्हर त्या रात्री पिऊन गाढ झोपलेला असतो, म्हणून त्याला काही ऐकू येत नाही. सगळं त्यावर बेतलेलं. शब्द दिला होता, तेव्हा ते काढलं. मग गाढ झोपायला दुसरं काय? सर्दीची गोळी. पावसाळी दिवस, डोंगरातली थंडी, सर्दीच्या गोळीने गुंगी येते हे सगळ्यांना माहीत आहे. आणि गोळी आली की लगेच पुढचा प्रश्न येतो: दिली कुणी? दारू माणूस आपली आपण पितो, गोळी कुणीतरी देतं. कथानकातली सगळ्यात चांगली गाठ मला काकींच्या त्या अटीमुळे मिळाली. लिहिण्याचं तंत्र शिकवणाऱ्या कार्यशाळांना मी गेलेय. तिथे हे कुणी सांगितलं नव्हतं.

आईला डोळ्यांनी आता बारीक दिसत नाही. कादंबरी मी तिला वाचून दाखवली, दुपारी, गव्हाचं निवडण चालू असताना. मला भीती होती शवागाराची, पळसाच्या पानांची. तिथे ती काही बोलली नाही. तिच्या तक्रारी भलत्याच. मुक्कामी गाडी कादंबरीत साडेसहाला सुटते. तिने सहा करायला लावले. कंडक्टरच्या बायकोला मी फार रडवलंय म्हणाली, एवढा वेळ कुणाला असतो? हप्ते भरणारा माणूस तिला फार आवडला, तो पुन्हा कधी येतो म्हणून ती मधेच विचारायची. आणि शेवटाकडे, परत आलेल्या माणसाला बायको जेवायला वाढते त्या प्रसंगात तिने मला थांबवलं. "मीठ मागतो का त्यो?"

मी लिहिलं होतं की मागतो.

"मग त्यो ह्यो न्हवं," आई म्हणाली, आणि पुढचं वाच म्हणून खूण केली.

ते वाक्य बदलायचं की ठेवायचं यावर मी आणि संपादक बरेच दिवस भांडलो. त्यांचं म्हणणं, वाचकाला मिठाचं काय कळणार? मी म्हटलं, सातव्या प्रकरणात एक ओळ टाकते, मग कळेल. टाकली आहे. पुस्तक दिवाळीनंतर येईल असं प्रकाशक म्हणतात. नाव अजून ठरलेलं नाही. त्यांना नावात 'रक्त' किंवा 'सावली' हवंय. मुखपृष्ठावर धुक्यातला लाल डबा नको, एवढं मी लेखी कळवलंय, पण परवा नमुना आला त्यात धुकंही होतं आणि डबाही.